'लीव्ह'ला स्पॅनिशमध्ये नेमका कुठला शब्द घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्पॅनिशची बी-वन, म्हणजे मधली लेव्हल झालीय, एका कंपनीत इंग्लिशमधून स्पॅनिशमध्ये ट्रान्सलेशनचं काम ट्रेनी म्हणून सुरू केलंय, आणि अडायला होतं ते दरवेळी एकाच जागी. डिक्शनरीत 'लीव्ह' बघितलं की सालिर, इर्से, देखार, आबांदोनार, केदार असे पाच-सहा शब्द दिसतात. सगळे सारखेच वाटतात, मग निवडायचा कुठला, काही नियम आहे की नुसतं पाठ करायचं? 'नो' (know, माहीत असणे) आणि 'बिकम' (होणे) यांचंही तेच. आणि उलट बाजूने, सेफ्टी आणि सिक्युरिटी दोन्हीला सेगुरिदादच येतं, तर तिथे फरक कसा दाखवायचा?

मी बरीच वर्षं हेच काम करते, मुख्यतः इन्शुरन्स, एचआर आणि सॉफ्टवेअरचं मटेरियल, आणि वीकेंडला शिकवते. त्यामुळे हा प्रश्न मला दर बॅचला भेटतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. (स्पॅनिश शब्द मी देवनागरीत लॅटिन अमेरिकेच्या उच्चाराप्रमाणे लिहितेय, स्पेनमध्ये काही ठिकाणी स च्या जागी थ ऐकू येईल.)

आधी एक सांगते. तुमची अडचण स्पॅनिशमध्ये शब्द जास्त आहेत ही नाहीये. तुम्ही स्पॅनिशमध्ये इंग्लिशच्या दारातून शिरताय ही आहे. डिक्शनरीतली ती सहा शब्दांची यादी म्हणजे एकाच गोष्टीची सहा नावं नव्हेत, त्या सहा वेगवेगळ्या क्रिया आहेत आणि इंग्लिशने त्या सगळ्यांना एकाच शब्दात कोंबलंय. म्हणून 'लीव्हला काय म्हणतात' याला उत्तरच नाही. 'या वाक्यात काय घडतंय' याला मात्र बहुतेक वेळा एकच उत्तर असतं. आणि तुम्ही मराठी आहात, म्हणजे ते उत्तर अर्ध्या वेळा तुमच्याकडे आधीच आहे, फक्त ऑफिसमध्ये बसलं की आपण मराठी बाजूला ठेवतो.

करून बघा. खालची वाक्यं इंग्लिशमध्ये सगळी 'लीव्ह'ची आहेत. मी ऑफिसमधून सहाला निघते. ती रागावून निघून गेली. मी चाव्या घरी ठेवल्या. त्याने नोकरी सोडली. त्याने सिगारेट सोडली. तीन पोळ्या उरल्यात. मराठीत आपण कधीच यांची अदलाबदल करत नाही, आणि स्पॅनिशही करत नाही. निघणे, बाहेर पडणे म्हणजे सालिर: साल्गो दे ला ओफिसीना आ लास सेइस. ट्रेन सुटते तीही सालिरच, एल त्रेन साले आ लास ओचो. निघून जाणे म्हणजे इर्से: से फुए. मागे ठेवणे किंवा सोडणे म्हणजे देखार: देखे लास यावेस एन कासा, देखो एल त्राबाखो. सवय सोडली असेल तर देखार दे आणि पुढे मूळ क्रियापद: देखो दे फुमार. आणि उरणे, राहणे म्हणजे केदार: केदान त्रेस.

यात जरा बारकाईने बघण्यासारखी जोडी सालिर आणि इर्सेची आहे, कारण दोन्हींत माणूस जागेवरून हलतोच. ऑफिसात एखाद्या सहकारी बाईसाठी फोन आला आणि तुम्ही म्हणालात 'साल्यो', तर ऐकणाऱ्याला वाटतं बाहेर गेलीय, येईल परत, जेवायला गेली असेल. 'या से फुए' म्हणालात तर ती गेली, आता उद्याच. सालिरमध्ये लक्ष आतून बाहेर पडण्याकडे असतं, इर्सेमध्ये इथे आता नसण्याकडे. दुसरी जोडी मला फार आवडते ती अशी: इंग्लिशमध्ये 'लेफ्ट वर्क' आणि 'लेफ्ट हिज जॉब' यांत क्रियापद तेच, पण आपण म्हणतो कामावरून सुटला आणि काम सोडलं. पहिलं साल्यो देल त्राबाखो, दुसरं देखो एल त्राबाखो. एचआरच्या मजकुरात ही चूक झाली तर सहाला घरी गेलेल्या माणसाचा राजीनामा होतो, आणि मी रिव्ह्यू करताना असं खरंच पाहिलंय.

हे चालतं का, तर अर्थामुळे चालतं, पण अर्थासोबत वाक्याचा सांगाडाही बघायचा. शब्दाच्या पुढे काय येतंय? जागा येत असेल तर सालिर दे. वस्तू किंवा माणूस येत असेल तर देखार. क्रियापद येत असेल तर देखार दे. काहीच येत नसेल तर इर्सेची शक्यता मोठी. डिक्शनरीत अर्थ वाचायच्या आधी उदाहरणाच्या वाक्यात पुढे काय बसलंय ते बघायची सवय लावा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. आणि 'लीव्ह' हे नाम असेल, म्हणजे रजा, तर हे सगळं बाजूलाच: पेर्मीसो, लिसेन्स्या, स्पेनमध्ये आजारपणाच्या रजेला बाखा, आणि यातलं काय ते क्लायंटचा देश ठरवतो.

'नो'कडे येऊ. वर्गात सांगतात की साबेर म्हणजे माहिती आणि कोनोसेर म्हणजे ओळख, ते बरोबर आहे, पण मराठी आणखी पुढे नेते. मला पोहता येतं म्हणजे से नादार, तिथे 'कॅन' बघून पोदेर घालायचं नाही, कारण पोदेर म्हणजे आत्ता शक्य आहे का, आणि येतं म्हणजे शिकलेलं आहे. भूतकाळात तर मजाच आहे. मला माहीत होतं म्हणजे साबीआ, मला कळलं म्हणजे सूपे. मी त्याला ओळखत होते म्हणजे कोनोसीआ, आमची ओळख झाली म्हणजे कोनोसी. इंग्लिशमधून शिकणाऱ्यांना हे वेगळं प्रकरण म्हणून शिकावं लागतं, की इथे काळ बदलला की अर्थच बदलतो वगैरे. आपण कळणं आणि माहीत असणं लहानपणापासून वेगळं बोलतोय. 'आय न्यू'चं भाषांतर करायची वेळ आली की मनात एकदा मराठी वाक्य बोला, माहीत होतं की कळलं, आणि लिहा.

जाता जाता, ओळखणे म्हटलं की आपण 'त्याला' ओळखतो म्हणतो, तो 'ला' विसरू नका. मी आंबा पाहिला पण मी रमेशला पाहिलं, हा जो फरक आहे तोच स्पॅनिशमध्ये आहे, बि एल मांगो पण बि आ रमेश. इंग्लिशमधून विचार केला की तो 'आ' हमखास राहतो.

अशा आणखी जागा भरपूर आहेत. 'आस्क'चं तर उत्तर हातातच आहे, विचारणे प्रेगुंतार आणि मागणे पेदिर. 'कॉर्नर'ला एस्कीना की रिंकोन यात लोक अडकतात, तिथे शब्द नाही पण आपला प्रत्यय मदत करतो: कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे एस्कीना, नाका, आणि कोपऱ्यातली खुर्ची म्हणजे रिंकोन. 'फॉर'मध्ये साठी आलं की बहुतेक पारा, मुळे, खातर, बदल्यात, मधून आलं की पोर. 'टाइम'ला तीन वेळा मधली वेळ म्हणजे बेस, वेळ नाही मधली वेळ म्हणजे त्येंपो, पण जेवायची वेळ झाली म्हणजे ओरा, एस ओरा दे कोमेर. इथे बघा, आपण 'वेळ' दोन्हीकडे वापरतो आणि स्पॅनिश मात्र फोडते. म्हणजे मराठीही सगळीकडे पुरत नाही.

आणि काही ठिकाणी तर मराठी चुकीच्याच वाटेला नेते, तेही सांगायला हवं. घरातून कोणी हाक मारली की आपण ओरडतो 'आले आले!', इंग्लिशमध्येही 'कमिंग' म्हणतात, त्यामुळे दोन्ही भाषा मिळून तुम्हाला बेनिर वापरायला लावतात. स्पॅनिशमध्ये मात्र या बोय, गेलेच म्हणा. बेनिर म्हणजे बोलणारा जिथे आहे तिकडे येणं, आणि बोलणारा जिथे नाही तिकडे सगळं इर, म्हणजे जाणेच. मैत्रिणीला फोनवर 'मी तुझ्याकडे येते' म्हणायचं तर बोय आ तू कासा. हेच आणणे आणि नेण्याला: 'येताना मी केक आणते' मध्ये आपण आणते म्हणतो, स्पॅनिशमध्ये येबार म्हणजे नेणे, त्राएर म्हणजे आणणे नाही. डिलिव्हरीच्या अ‍ॅपचे मेसेज भाषांतर करताना हा फरक रोज लागतो. सेर आणि एस्तार, म्हणजे 'असणे'ची स्पॅनिशमधली दोन क्रियापदं, यांच्या बाबतीतही आहे आणि असतो यांची जोडी लावायचा मोह आवरा, ती लागत नाही. कायमचं आणि तात्पुरतं हा नियमही पाठ केला असेल तर सैल धरा, मेलेला माणूस एस्ता मुएर्तो असतो आणि पार्टी कुठे आहे ते सेरने सांगतात.

आता 'बिकम', आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्याला एकच, झाला. लाल झाला, वेडा झाला, डॉक्टर झाला, बहिरा झाला, गावाचं शहर झालं. मराठी वाक्य करून काही हाती लागत नाही. इथे मी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारायला लावते. पहिला, पुढे नाम आहे की विशेषण? कोन्बेर्तिर्से एन ला नामच लागतं, एल पुएब्लो से कोन्बिर्त्यो एन स्युदाद. पोनेर्सेला नाम चालत नाही, से पूसो मेदिको असं वाक्यच होत नाही. दुसरा प्रश्न, हा बदल कशा प्रकारचा आहे? चेहरा, मूड, तब्येत अशी घटकाभराची गोष्ट असेल तर पोनेर्से: से पूसो रोखो, लाजून लाल झाला. माणूस मुळातून पालटला, संशयी झाला, खडूस झाला, वेडा झाला, तर बोल्बेर्से. व्यवसाय, धर्म, विचार, जिथे माणसाने स्वतः काही ठरवलंय किंवा मेहनत केलीय तिथे आसेर्से: से इसो मेदिका, से इसो बेखेतार्यानो. बऱ्याच वाटचालीनंतर पोचला असेल, अध्यक्ष झाली, तर येगार आ सेर. आणि काही घडून गेल्यावर जी अवस्था उरते, बऱ्याचदा काहीतरी गमावून, तिथे केदार्से: से केदो सोर्दो, से केदो ब्यूदा. केदार म्हणजे मुळात राहणे, उरणे, ते वर आलंच आहे, म्हणून से केदो कायादो म्हणजे गप्प राहिला, असं बघितलं की लक्षात राहतं.

यातली हद्द कडक नाही हेही खरं. श्रीमंत झाला याला आसेर्से आणि बोल्बेर्से दोन्ही ऐकायला मिळतील, आणि कितीतरी वेळा यातलं काहीच न घेता साधं क्रियापद जास्त चांगलं असतं: म्हातारा झाला म्हणजे एन्बेखेस्यो, आजारी पडला म्हणजे लॅटिन अमेरिकेत से एन्फेर्मो, जिथे स्पेनवाला से पूसो एन्फेर्मो म्हणेल. मी स्वतः आधी असं क्रियापद आहे का ते शोधते, नसेल तरच या यादीकडे जाते. भाषांतराचा वास येणारा मजकूर असतो त्यात कोन्बेर्तिर्से एन सगळीकडे पेरलेलं असतं, हे तुम्ही रिव्ह्यू करायला लागलात की दिसेल.

सेफ्टी (अपघातापासून सुरक्षा) आणि सिक्युरिटी (घातपातापासून सुरक्षा) यांचा प्रश्न या सगळ्याच्या उलटा आहे. तिथे इंग्लिश फोडते आणि स्पॅनिश जोडते. वेट, होप, एक्स्पेक्ट तिन्हीला एस्पेरार हेही त्यातलंच. पहिली गोष्ट म्हणजे घाबरायचं नाही, बहुतेक मजकुरात संदर्भ काम करतो. एस्पेरो आ मि एर्मानो म्हणजे भावाची वाट बघतेय, एस्पेरो के बेंगास म्हणजे येशील अशी आशा आहे, यात कोणाचा गोंधळ होत नाही. मूळात दोन शब्द आहेत म्हणून ओढून ताणून दोन शोधायचे नाहीत. फक्त मूळ मजकूर जिथे मुद्दाम दोन्ही शेजारी ठेवतो तिथे वेगळं करायलाच लागतं, आणि अशा वेळी स्वतः शब्द बनवायचा नाही, त्या क्षेत्राने काय ठरवलंय ते बघायचं. जहाजांच्या कागदपत्रांत सेफ्टीला सेगुरिदाद आणि सिक्युरिटीला प्रोतेक्स्योन असं ठरलेलं आहे, सोलास या समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या स्पॅनिश नावात सेगुरिदाद आहे आणि बंदर-जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कोडच्या नावात प्रोतेक्स्योन. विमान वाहतुकीत मात्र सेफ्टी म्हणजे सेगुरिदाद ओपेरास्योनाल आणि सिक्युरिटी म्हणजे सेगुरिदाद दे ला आब्यास्योन. दोन्ही क्षेत्रं वेगळ्या वाटेने गेलीत, त्यामुळे जहाजाचं ग्लॉसरी विमानाला लावलं तर चुकलंच. तुमचं जेव्हा 'एक्स्पेक्टेड डेट' येईल तेव्हाही एस्पेरादाच्या मागे न लागता फेचा प्रेबिस्ता बघा, ऑफिसच्या कागदात तेच नैसर्गिक वाटतं.

प्रश्नात नव्हतं, पण याच्या अगदी शेजारचा आणि जास्त धोक्याचा प्रकार म्हणजे दिसायला सारखे शब्द. तिथे अडायलाच होत नाही, हात आपोआप पुढे जातो. इन्शुरन्समध्ये पॉलिसी म्हणजे पोलिसा, पण लीव्ह पॉलिसीतली पॉलिसी म्हणजे पोलीतिका. इव्हेंच्युअली म्हणजे शेवटी, आणि एबेन्तुआल्मेन्ते म्हणजे कदाचित, प्रसंग आला तर. करारात हे उलटं झालं तर नक्की मिळणारी गोष्ट जमलं तर मिळेल अशी होते. किती महाग पडू शकतं त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण १९८० चं, फ्लोरिडातलं. स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबातल्या १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलमध्ये आणलं, घरच्यांनी इंतोक्सिकादो हा शब्द वापरला, म्हणजे खाण्यातून काही बाधलंय असं त्यांना म्हणायचं होतं. तो इंग्लिश 'इंटॉक्सिकेटेड' समजला गेला आणि ड्रग्जचा ओव्हरडोस धरून उपचार झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. त्या मुलाचे हातपाय कायमचे गेले, आणि पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरली. मी मेडिकल फाइल हातात घेते तेव्हा ओळखीचा वाटणारा प्रत्येक शब्द मुद्दाम उघडून बघते तो यामुळे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. वर जे काही सांगितलं ते जवळजवळ सगळीकडे चालतं, पण रोजच्या वापरातल्या वस्तू आणि क्रियांना देश विचारल्याशिवाय हात लावू नका. बस पकडणे हे स्पेनमध्ये कोखेर, अगदी घरगुती शब्द, आणि मेक्सिको किंवा अर्जेंटिनात तोच शब्द अश्लील आहे, तिथे तोमार. खुद्द बस मेक्सिकोत काम्योन, क्युबात ग्वाग्वा, आणि चिलेत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ. प्रवासाचं तिकीट स्पेनमध्ये बियेते, मेक्सिकोत बोलेतो, नाटक-सिनेमाचं एन्त्रादा, आणि पोलिसाने फाडलेलं तिकीट म्हणजे मूल्ता. फाइलवर लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाचा कोड, काय लिहिलंय ते बघा: ईएस-ईएस म्हणजे स्पेन, ईएस-एमएक्स म्हणजे मेक्सिको, आणि ईएस-४१९ म्हणजे सगळी लॅटिन अमेरिका मिळून. शेवटच्यात सगळीकडे चालेल असा मधला शब्द शोधावा लागतो, कधीकधी तो थोडा बेचव असतो, पण कोणाला खटकत नाही हे महत्त्वाचं.

साधनांचं म्हणाल तर दोन भाषांची डिक्शनरी फक्त उमेदवार शोधायला वापरा. निवड स्पॅनिश-स्पॅनिशमध्ये करा. रेआल आकादेम्या एस्पान्योला, म्हणजे १७१३ पासूनची अकादमी, तिची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे. बी-वनला ती जड जाते, मान्य आहे, पण उमेदवार शब्दाची व्याख्या तिथे वाचायची आणि ती तुमच्या वाक्याला लागू होते का बघायचं, एवढंच तर करायचंय. तिचाच कोर्पेस नावाचा कॉर्पस आहे, त्यात शब्द टाकला की खऱ्या मजकुरातली वाक्यं देशासकट दिसतात, कुठल्या देशात कुठला शब्द चालतो ते मी तिथे पक्कं करते. फुन्देउ या स्पॅनिशच्या वापराबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थेच्या साइटवर बातम्यांच्या भाषेतल्या शंकांची छोटी उत्तरं असतात. मशीन ट्रान्सलेशन वापरायचं तर सुटा शब्द कधीच टाकू नका, पूर्ण वाक्य टाका, आणि आलेलं स्पॅनिश मराठीत मनात उलटं वाचून बघा.

शेवटी तुमच्या नोकरीत रोज लागेल अशी एक गोष्ट, कारण तिथे वरचं काहीच चालत नाही. सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये एका ओळीत नुसतं 'ऑर्डर' येतं, वाक्यच नाही. क्रम असेल तर एल ओर्देन, हुकूम असेल तर ला ओर्देन, म्हणजे नुसतं आर्टिकल बदललं की अर्थ बदलतो, खरेदी असेल तर पेदीदो, आणि बटणावर क्रियापद असेल तर पेदिर किंवा ओर्देनार. 'फ्री'चं तसंच, फुकट असेल तर ग्रातीस, रिकामं असेल तर लीब्रे. 'चार्ज'मध्ये बॅटरी असेल तर कार्गार, पैसे असतील तर कोब्रार. इथे अंदाज करायचा नाही. आधी स्ट्रिंगचा, म्हणजे फाइलमधल्या त्या ओळीचा, आयडी बघा, त्यात कार्ट किंवा सॉर्ट असं काही लिहिलेलं असतं. मग वरच्या-खालच्या ओळी बघा. तरीही नाही कळलं तर क्लायंटला क्वेरी टाका, पण 'याचा अर्थ काय' असं विचारू नका, त्याला स्पॅनिश येत नसतं आणि इंग्लिश त्याला उघड वाटतं. असं विचारा: हा शब्द याद्यांचा क्रम लावण्यासाठी आहे की ग्राहकाने केलेल्या खरेदीसाठी, स्पॅनिशमध्ये दोन वेगळे शब्द लागतात. याचं उत्तर तो एका शब्दात देतो. डेडलाइनपर्यंत उत्तर नाहीच आलं, तर आयडीवरून जास्त शक्य वाटतो तो शब्द ठेवा आणि कमेंटमध्ये दुसरा पर्याय लिहून द्या, म्हणजे रिव्ह्यूअरला शोधत बसावं लागत नाही.